बारदाना कापून

सुदामभाऊ झाडे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कधी पाहत नसत. ते त्याच्या डोक्याच्या हातभर वर बघत, जणू काट्याची सुई तिथेच डुलते आहे. समोरच्याचं बोलून झालं की उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी मिटवत आणि विचारत, “बारदाना किती?”

आमच्या गावच्या बाजार समितीच्या यार्डात ते मापारी होते. केळझर ओलांडून पुढे आलं की डाव्या हाताला जो यार्ड लागतो, तोच. शेतकऱ्याची तूर, चणा, सोयाबीन पोत्यात भरून येते, पोत्यासकट काट्यावर चढते आणि मग रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून वजा होतं. त्या रिकाम्या पोत्याला बारदाना म्हणायचं आणि वजा करण्याला बारदाना कापणं. सुदामभाऊंनी आख्खी नोकरी हेच केलं. त्यामुळे माणसाचं बोलणंही पोत्यात भरूनच येतं अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. आणि माझं पोतं तर, त्यांच्या मते, वर्धा जिल्ह्यात सगळ्यात जाड.

पहिली भेट मला लख्ख आठवते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नवा गुरुजी, लग्नही नवं, आणि जीभ तर जन्मापासूनच मोकाट सुटलेली. यार्डातल्या चहाच्या ठेल्यावर मी अल्लीपूरच्या माझ्या साडूच्या वाडीतल्या वांग्याचं वर्णन करत होतो.

“तुमाले सांगतो, मागच्या पावसात एक बकरी आन् तिचे दोन पिल्लं त्या वांग्याखाली उभे होते. थेंब नाई लागला आंगाले.”

बाजूच्या बाकड्यावरून आवाज आला, “बारदाना किती?”

“म्हंजे?”

“पोतं भारी दिसते, गुरुजी. काप करून सांगा.”

लोक हसायला लागले. मीही हटणारा नव्हतो. “बरं, दोन पिल्लं काढा. नुस्ती बकरी.”

“अजून.”

“बकरीचं पिल्लू.”

“अजून काप.”

“कोंबडी!” मी शेवटचा भाव सांगितल्यासारखा म्हणालो.

त्यांनी माझ्या डोक्यावर जरा वेळ पाहिलं. “कोंबडी चालन. पन वांगं नाई, वांग्याचं पान. पानाखाली कोंबडी बसते. हां, आता सुई मंधात आली. प्या चहा.”

त्या दिवशी यार्डात दोनशे माणसं पोट धरून हसली. बारदाना कापून अकरा.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. खोटारडा म्हणणारे मला घरापासून शाळेपर्यंत पायलीचे पन्नास भेटले होते. सुदामभाऊंनी तो शब्द कधी काढला नाही. कुणी काढलाच तर म्हणायचे, “खोटं बोलनं वायलं आन् पोत्यात बोलनं वायलं. गुरुजी पोत्यात बोलते. पोत्याशिवाय माल येईन कसा? आपन कापून घ्यावं.” इतकी समजूत माझ्या बायकोनंही मला दाखवली नव्हती. मग काय, रोज संध्याकाळी शाळा सुटली की मी ठेल्यावर. मी भरायचं, त्यांनी कापायचं. हे आमचं एकतीस वर्षं चाललं.

कापण्यात मात्र ते कुणाचे नव्हते. एकदा आभाळ भरून आलेलं, यार्डात मालाची गर्दी, आणि एक आडत्या, म्हणजे मालाचा दलाल, काट्याशी येऊन म्हणाला, “पोतं ओलं हाय सुदामभाऊ, किलोभर जास्तीचा कापा.” शेतकरी म्हातारा, आडत्यापुढे हात जोडून उभा. सुदामभाऊंनी काहीच वाद घातला नाही. त्यांनी ते भरलेलं पोतं खाली ताडपत्रीवर ओतलं, रिकामं केलं, झटकलं, काट्यावर ठेवलं. “घ्या. हे बसलं पोतं. तुमीच वाचा.” आडत्यानं वाचलं आणि बडबडत निघून गेला. पुन्हा भरायला अर्धा तास लागला. पाऊस आला, सुदामभाऊ भिजले, पण कापलं तेवढंच जेवढं पोतं होतं.

म्हणून रिकामं पोतं ते कधी टाकत नसत. दहा-दहाच्या जुड्या बांधून काट्यामागे रचून ठेवत. “माल जाते गुरुजी, बारदाना राह्यते. उद्या कोनी इचारलं का किती होतं, तं बारदानाच सांगन.” आणि मोजताना ते ‘एक’ कधी म्हणायचे नाहीत. जुन्या मापाऱ्यांची रीत, पहिलं माप ते ‘लाभ’. लाभ, दोन, तीन. घरी पोळ्या मोजतानाही लाभ, दोन, तीन. पुढे काटा इलेक्ट्रॉनिक झाला, लाल आकडे आले, सुई गेली. पण यांची नजर होती तिथेच, हातभर वर.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं, आणि इथून पुढे मी पोतं वापरणार नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सुदामभाऊंची डावी मांडी दुखायला लागली. जन्मभर पोती उचलली, दुखणारच, असं त्यांनीही म्हटलं आणि मीही. तेल झालं, शेक झाला. मग मांडीच्या खाली गुडघ्याच्या वर एक कडक सूज हाताला लागायला लागली. वर्ध्याला फोटो काढले, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे तुकडा काढून तपासला. हाडाचा कर्करोग. आधी किमोच्या काही खेपा, गाठ आकसली की शस्त्रक्रिया, मग पुन्हा किमो, असा बेत ठरला. त्यांना मूल नव्हतं. घरात ते आणि वच्छलावहिनी. त्यामुळे दवाखान्याच्या खेपांना तिसरा माणूस मी.

त्या दवाखान्यात एक आहार सांगणाऱ्या मॅडम होत्या. वय तिशीचं असेल, आवाज बारीक, पण ऐकून घ्यावं लागे असं बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सुदामभाऊंचं वजन घेतलं आणि म्हणाल्या, “काका, किमो झेपायची असेल तर हे वजन टिकलं पाहिजे. रोज दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, दही, फुटाणे, शेंगदाणे. तोंड आलं तर पातळ करून. आणि जेवण कमी पडतं म्हणून ही प्रोटीनची पावडर, दोन चमचे, दिवसातून दोनदा, दुधातून.”

“यानं गाठ विरघळन का?” सुदामभाऊंनी विचारलं.

“नाही. गाठीचं काम औषध करेल. ही पावडर औषध नाही. तुम्ही उभं राहावं म्हणून आहे.”

सुदामभाऊंचा चेहरा उजळला. ही भाषा त्यांची होती. “समजलं. काट्याखालची चिप. जमीन उंच-सखल असली का काट्याखाली लाकडाची चिप देते. वजन चिप नाई करत, काटाच करते. पन चिपीशिवाय काटा हालते.”

“बरोबर! आणि काका, अजून एक,” त्या म्हणाल्या. “बाहेरचं काही घेऊ नका. हाडाचा आजार आहे म्हणून कोणी हाडाच्या गोळ्या आणून देईल, कोणी रस, कोणी भुकटी. साधी कॅल्शियमची गोळीसुद्धा मला विचारल्याशिवाय नाही. लागलं तर मीच देईन, रक्त तपासून.”

हे मी तिथे बसून ऐकलं. माझ्या दोन्ही कानांनी. हे लिहून ठेवतो, कारण पुढे मी असं वागलो की जणू ऐकलंच नव्हतं.

सुदामभाऊंनी ती आहाराची यादी कायद्यासारखी पाळली. वच्छलावहिनींच्या स्वयंपाकघरात लहानसा पितळी तराजू आला. डाळ तोलून, फुटाणे तोलून. “लगन झाल्यापासून मी अंदाजानं रांधलं,” वहिनी म्हणायच्या, “आता माह्याच चुलीपाशी मापारी बसोला देवानं.” पावडरीचा चमचा ते चाकूच्या पात्यानं सपाट करून घ्यायचे. वास त्यांना सहन होत नसे. नाक दाबून प्यायचे, उलटी झाली तर थांबून पुन्हा प्यायचे.

आणि तरी वजन उतरत होतं. दर सोमवारी ते माझा खांदा धरून यार्डात यायचे आणि आपल्या जुन्या काट्यावर बसायचे. हजारो क्विंटल माल ज्यावर चढवला त्या काट्यावर स्वतः, पाय पोटाशी घेऊन, धान्याच्या पोत्यासारखे. लाल आकडे दर आठवड्याला खाली. एकदा कुणीतरी बरं वाटावं म्हणून म्हणालं, “काटा खराब असन, भाऊ.” ते म्हणाले, “काटा मी लावलेला हाय.”

परत येताना वाटेतल्या पारावर टेकले आणि म्हणाले, “गुरुजी, काई तरी सांगा.”

मी यापूर्वी त्यांना काय काय नाही सांगितलं? वांग्याखालची बकरी, विहिरीतला मगरीएवढा बेडूक, जाम गावच्या चौरस्त्यावर वाऱ्यानं उडालेला ट्रक. त्या दिवशी त्यांना हसवावं म्हणूनच तोंड उघडलं. पण निघाला साडू.

साडूची खरी गोष्ट एवढीच होती: त्याची हाडं ठिसूळ झाली होती, घसरून पडला, खुबा मोडला. तपासणीत ड जीवनसत्त्व अगदी कमी निघालं. डॉक्टरनं त्याला आठवड्यातून एक पुडी दिली, काही महिने. आता तो काठी घेऊन बस स्टँडपर्यंत जाऊन येतो.

मी काय सांगितलं?

“सुदामभाऊ, माहा साडू हाय ना अल्लीपूरचा? त्याले तुमचाच रोग होता.”

त्यांनी मान वळवली.

“तुमचाच! हाडातला. डाक्टरनं सांगतलं का घरी न्या. मंग त्यानं पुड्या सुरू केल्या. आठोड्याची पुडी, हा पठ्ठ्या रोज घ्याचा. म्हने, रोग हाडात हाय ना? मंग हाडालेच खत पाह्यजे. वावरात पीक पिवळं पडलं का आपन मूठभर टाकतो का गोनीभर? दोन महिन्यात उठला. आता केळझरच्या गणपतीची टेकडी नारळाचं पोतं घेऊन पळत चढते.”

सांगून झाल्यावर मी थांबलो. आता दोन बोटं मिटतील आणि आवाज येईल. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती: नारळाचं पोतं काढा, एकच नारळ, टेकडी काढा, पायऱ्या दोन.

बोटं मिटली नाहीत. सुदामभाऊ माझ्या डोक्यावर बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

“रोज एक?” त्यांनी विचारलं.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की भाऊ, पोतं जाड आहे, कापा. पाच शब्दांचं काम. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत, आणि त्याचं कारण दया होतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला बरं वाटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं माझं पोतं न कापता घेतलं होतं. भरल्या वजनानं! त्या क्षणी मला आतून गुदगुल्या झाल्या.

“रोज एक,” मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी साडूची जुनी चिठ्ठी मागवली आणि जामला जाऊन पुड्या आणल्या. सोबत कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली, माझ्या मनानं. संपल्या की पुन्हा गेलो. कोणी सांगितलं नव्हतं, मीच जायचो, स्कूटरवर, गाणं म्हणत.

“वच्छलेले नोका सांगू,” सुदामभाऊ म्हणाले. “आन् मॅडमले बी. पोरगी चांगली हाय, मनाले लावून घेईन.”

“नाई सांगत. उठून उभे राहाल तेव्हाच सांगू,” मी म्हणालो.

पहिला महिना ते खुशीत होते. आपल्याला हुशारी वाटते म्हणायचे. दुसऱ्या महिन्यात तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या. मळमळ वाढली, पोट साफ होईना. वहिनींना वाटलं किमोचं असेल, मलाही तसंच वाटलं, किंवा तसं वाटून घेतलं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी वहिनींनी मला निरोप धाडला. गेलो तर सुदामभाऊ खाटेवर बसून भिंतीकडे बोट करून मोजत होते. “लाभ... दोन... तीन... हे पोतं फाटलं हाय, बाजूले काढा... लाभ...” मला पाहिलं आणि म्हणाले, “आडत्याले सांगा, आज काटा बंद.”

मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. कॅल्शियम भलतंच वर, मूत्रपिंडं थकलेली. किमोची पुढची खेप थांबवली. डॉक्टर वहिनींना म्हणाले, “रोग इतर हाडांत पसरला असेल तर असं होतं. तपासण्या कराव्या लागतील. मन घट्ट करा.” वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. लुगड्याचा पदर तोंडात धरला.

मॅडम माझ्याकडे आल्या. “काका दुसरं काही घेत होते का? कुठली गोळी, पुडी? खरं सांगा, यावर पुढचं सगळं आहे.”

साऱ्या आयुष्यात मी राईचा पर्वत केला. त्या दिवशी पहिल्यांदा पर्वताची राई केली.

“तसं काई नाई. ते एक... ताकदीची पुडी. कधीमधी. आठोड्यातून एखांदी घेत असतील.”

“आठवड्यातून एकच? नक्की?”

“हाव जी. एखांदी.”

त्यांनी वहीत लिहिलं. आठवड्यातून एकीनं एवढं होत नाही, म्हणून तो धागा त्यांनी बाजूला ठेवला आणि डॉक्टर रोग पसरलाय का ते शोधत राहिले. तो दिवस आणि ती रात्र वच्छलावहिनी हेच समजून होत्या की नवऱ्याच्या सगळ्या हाडांत आता ते शिरलं. मी त्यांच्या शेजारी बसून होतो. त्यांना चहा आणून दिला. धीर दिला. माझ्या खिशात जामच्या दुकानातली पुड्यांची नवी कोरी खोकी होती, ती मांडीला टोचत होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी कपडे आणायला गावी जाऊन आल्या. हातात एक कापडी पिशवी होती. मॅडमसमोर त्यांनी ती टेबलावर उलटी केली. रिकाम्या पुड्या. नीट सपाट केलेल्या, दहा-दहाच्या जुड्या, प्रत्येक जुडीला सुतळीचा दोरा. सुदामभाऊंनी एकही टाकली नव्हती. कशी टाकतील? बारदाना होता तो.

“तराजूच्या पेटीत भेटल्या,” वहिनी म्हणाल्या आणि मोजायला लागल्या. “लाभ. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.” सात जुड्या, आणि वर तीन सुट्या. मोजणं त्यांनी नवऱ्याकडूनच शिकलं होतं.

मॅडमनं पुडी उचलली, उलटीसुलटी करून वाचली, आणि माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वहीचं कालचं पान काढलं, माझ्या ‘एखांदी’वर एक रेघ ओढली आणि पळत डॉक्टरांकडे गेल्या.

“कोनं आनल्या ह्या?” वहिनींनी विचारलं. खाटेवर सुदामभाऊंना जरा भान होतं. ते म्हणाले, “मी. मीच आनल्या.” ज्या माणसाला बायकोच्या खांद्याशिवाय दारापर्यंत जाता येत नव्हतं, तो जामला जाऊन आला म्हणत होता. त्यांचं तेवढं एकच पोतं मी पाहिलं, आणि तेही माझ्यासाठी भरलेलं.

“मी आनल्या वहिनी. कॅल्शियमच्या गोळ्या बी,” मी म्हणालो. “रोज घ्या असं मीच सांगतलं. माहा साडू ह्यानं बरा झाला म्हटलं, पन त्याले सुदामभाऊचा रोग नव्हता. काईच नव्हतं तसं. आन् काल बी मी खोटं सांगतलं.” खिशातली खोकी काढून जुड्यांशेजारी ठेवली.

वहिनींनी ती खोकी जुड्यांपासून बाजूला सारली. मग म्हणाल्या, “तुमी तं जनमभर असेच बोलता, गुरुजी. तुमचं कोनी मनावर नाई घेतलं. यायनंच काऊन घेतलं?” त्यांचा आवाज चढला नाही. “काल रातभर मी माह्या मनानं यायले पोचवून आली. तुमी बाजूले बसून होते. चहा पाजला मले तुमी.”

 

पुड्या, गोळ्या बंद झाल्या, सलाईनं लागली, औषधं दिली. कॅल्शियम हळूहळू खाली आलं, तहान गेली, मोजणं थांबलं. तपासण्यांत रोग दुसऱ्या हाडांत नव्हता. मॅडमनं पुन्हा पहिल्यापासून बसवलं: वरण, अंडं, दही, पावडर दोन चमचे. पण मूत्रपिंडं पूर्ण सावरली नाहीत, किमोची मात्रा कमी करावी लागली, खेपा लांबल्या. शस्त्रक्रिया झाली. काही महिने ते बरे होते. मग छातीत पसरलं. चैत्रात गेले.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, की पुड्या नसत्या तर? ते म्हणाले, “सांगता येत नाही. रोग मुळातच आक्रमक होता.” म्हणजे कमीही करता येत नाही आणि वाढवताही येत नाही, असं ते वजन आहे. ते तसंच माझ्याकडे पडून आहे.

सुदामभाऊ जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांच्या घरी गेलो. त्याआधी कितीतरी दिवस जाण्याची छाती झाली नव्हती. वहिनींनी दार उघडलं, पाट दिला. सुदामभाऊ उशीला टेकून दूध-पावडर पीत होते, नाक दाबून. पेला खाली ठेवला.

“लय दिवस झाले, गुरुजी. ठेला बदलला का?”

मी म्हणालो, “सुदामभाऊ, तुमी त्या दिवशी बारदाना काऊन नाई कापला?”

ते हसले. हसायलाही त्यांना आता जोर लागत होता. “कापता येत होता. मले का समजत नव्हतं? नारळाचं पोतं घेऊन टेकडी कोन चढते? पन काट्यावर बसून बसून कंटाळलो होतो. म्हटलं, एक डाव भरल्या वजनानं घेऊन पाहू.” मग म्हणाले, “आता सांगा. साडूचं. काप करून.”

मी सांगितलं. हाडं ठिसूळ होती. पडला, खुबा मोडला. जीवनसत्त्व कमी होतं. डॉक्टरनं दिली तेवढीच घेतली, आठवड्यातून एक. कर्करोग कधीच नव्हता. टेकडी नाही. नारळ नाही.

“आता चालते का?”

“काठीनं. बस स्टँडपर्यंत. मंधात दोनदा बसते.”

“चहा पिते का तिथं?”

“पिते. पेपर वाचते आन् वापस येते.”

सुदामभाऊंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण ते बघत होते बहुतेक, अल्लीपूरचा तो रस्ता, काठी टेकत चाललेला माणूस, मध्ये दोनदा बसणारा. उजवा हात गोधडीवर होता, बोटं उघडी. ती मिटली नाहीत.

“हेच सांगाचं होतं, गुरुजी,” ते म्हणाले. “एवढं पुरलं असतं मले.”